चिमटीतल्या कापडाचं गणित

टेबलावर पसरलेला रुमाल मधोमध चिमटीत धरून वर उचला. चिमटीपाशी बारीक चुण्या गोळा होतात, खाली येता येता त्या रुंदावतात आणि चारही टोकं मागाहून टेबल सोडतात. इतकं साधं दृश्य संगणकावर रचलेल्या चित्रात किंवा अॅनिमेशनपटात उभं करायचं म्हटलं, की कलावंत आणि गणिती दोघांचाही कस लागतो. वाऱ्यावर फडकणाऱ्या झेंड्यात थोडी चूक झाली तरी खपून जाते. हाताने धरलेलं कापड चुकलं, की डोळा ते लगेच पकडतो.

याचं मूळ कापडाच्या स्वभावात आहे. विणलेलं सुती कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढलं तर जेमतेम ताणलं जातं. तिरकं, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत उरेब ओढलं तर सहज सैलावतं. दुमडायला तर जवळजवळ जोरच लागत नाही. त्यामुळे चिमटीतून आलेल्या ओढीला कापड ताणून उत्तर देत नाही, दुमडून देतं. चुणी पडते ती अशी. कापड कुठे धरलंय, कोणत्या दिशेने ओढलंय, ते जड आहे की हलकं, हे सगळं चुण्यांच्या रेषांत वाचता येतं.

स्प्रिंगांची जाळी

संगणकासाठी कापड म्हणजे बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदूला थोडं वजन आणि शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या काल्पनिक स्प्रिंगा. काही स्प्रिंगा ताण सांभाळतात, काही तिरकी ओढ, तर काही दुमड. उचलायचं असेल तर एक-दोन बिंदू पक्के करून हाताला जोडायचे. अडचण इथेच सुरू होते. सगळ्या कापडाचं वजन त्या एक-दोन बिंदूंवर येतं आणि त्यांच्या आसपासच्या स्प्रिंगा वाटेल तेवढ्या लांबतात. दोन कोपऱ्यांनी टांगलेल्या चादरीत हा दोष फ्रान्सच्या झेविए प्रोव्हो यांनी १९९५ मध्ये दाखवून दिला. त्यांचा उपायही सरळ होता: हालचालीच्या गणिताच्या प्रत्येक छोट्या काळ-टप्प्यावर स्प्रिंगा तपासायच्या आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे लांबलेली स्प्रिंग परत आत आणायची.

मग स्प्रिंगा आधीच कडक का करू नयेत? कारण स्प्रिंग जितकी कडक, तितकं हालचालीचं गणित बारीक टप्प्यांनी करावं लागतं. टप्पा जरा मोठा झाला की चुका वाढत जातात आणि कापड पडद्यावर अक्षरशः उधळतं. डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये यावर मोठी वाट काढली. टप्प्याच्या शेवटी जे बल असेल, ते हिशेबात धरून सगळ्या बिंदूंची समीकरणं एकत्र सोडवायची. त्यामुळे मोठे टप्पे घेऊनही कापड स्थिर राहू लागलं.

दोन बोटांच्या मध्ये

२००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’ या अॅनिमेशनपटातली छोटी बू ढगळ शर्ट घालून वावरते आणि धिप्पाड राक्षस सली तिला उचलून घेतो. अशा प्रसंगी कापड दोन पृष्ठभागांत चेपलं जातं. एक पृष्ठभाग त्याला इकडे ढकलतो, दुसरा तिकडे. संगणकाला दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळता येत नाहीत आणि कापड थरथरू लागतं किंवा आरपार निघून जातं. बराफ, विटकिन आणि मायकेल कास यांनी २००३ मध्ये मांडलेल्या उपायात असे अडकलेले बिंदू तेवढ्यापुरते त्या पृष्ठभागांच्या हालचालीबरोबर नेले जातात. कापडावरच्या कामासाठी या तिघांना २००६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

कलावंताचा वाटा

आज ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे गणित तयार मिळतं. तरीही चित्र जिवंत होतं ते काही निर्णयांमुळे. पकड एका बिंदूवर न ठेवता बोटांच्या ठशाएवढ्या भागावर ठेवावी आणि कडेला ती हळूहळू सैल करावी. कापड आधी स्थिरावू द्यावं, मग हात हलवावा. जाळी पुरेशी दाट हवी, कारण जाळीच्या एका घरापेक्षा बारीक चुणी तिच्यात पडूच शकत नाही. मात्र १०० बाय १०० ची जाळी २०० बाय २०० केली, की दहा हजार बिंदूंचे चाळीस हजार होतात आणि वेळही वाढतो.

वजन, कडकपणा, घर्षण यांचे आकडे कापडागणिक बदलतात. मलमल आणि जरीचा पदर एकाच आकड्यांवर चालवले, तर दोन्ही खोटे वाटतात. मातीत भिजवलेली फडकी मूर्तींवर पांघरून लिओनार्दो दा विंची त्यांच्या चुण्या रेखाटत असे, असं त्याचा चरित्रकार वासारीने नोंदवलं आहे. आजच्या विद्यार्थ्यालाही तोच अभ्यास करायला हवा. जे कापड पडद्यावर आणायचं, ते आधी हातात घ्यावं, एका बोटाने, मुठीने, दोन कोपऱ्यांनी उचलावं आणि मोबाइलवर चित्रित करून सावकाश पाहावं. सॉफ्टवेअर चुण्या पाडून देईल, पण त्यातली कोणती खोटी आहे हे ओळखायला कापडाची ओळख असलेला डोळाच लागतो.