कराचीची गोंयकार मंडळी

20 मे 1948 या दिवशी व्हॅटिकनने कराचीचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. फाळणीला तेव्हा नऊ महिने उलटून गेले होते, पण चर्चच्या दप्तरी कराची तोवर मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. तिथल्या कॅथलिकांचे आर्चबिशप मुंबईत बसत. आज वाशीपासून पनवेलपर्यंतची कॅथलिक चर्च ज्या महाधर्मप्रांतात येतात, तोच हा. वाशीच्या सेक्रेड हार्ट चर्चमधून रविवारी मिस्सा सुटली की कोकणी, मल्याळम, तमिळ, मराठी अशा भाषा एकदम कानावर पडतात. त्यांतल्या कोकणी बोलणाऱ्यांचे आजे-पणजे गोव्याच्या ज्या बार्देस-साष्टीतून मुंबईला आले, तिथलीच माणसं कराचीलाही गेली. एक भाऊ माझगाव-गिरगावात, दुसरा कराचीच्या सदर नावाच्या भागात, असा तो मामला होता.

सिंध प्रांत 1847 ते 1936 या काळात मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईच्या धक्क्यावरून आगबोटीत बसून कराचीला उतरणं म्हणजे बदलीच्या गावी जाण्यासारखं. मराठी माणसंही तशीच गेली. शिक्षण खात्यातले नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे. गोंयकारांचं, म्हणजे गोव्याच्या माणसांचं, निघणं मात्र पोटासाठी होतं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात शेताच्या तुकड्यापलीकडे रोजगार नव्हता. गावच्या चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, त्यामुळे हाताशी ती एक विद्या होती. स्वयंपाकी, शिंपी, कारकून, बँडवाले म्हणून ते गेले आणि पुढच्या पिढीत रेल्वे, कस्टम्स, बंदर, तारखातं इथल्या खुर्च्यांवर बसले. 1886मध्ये त्यांनी स्थापलेली संस्था पुढे कराची गोवन असोसिएशन झाली. सिनसिनाटस डि'आब्रेओ या गोंयकाराच्या नावाने तर शहरात सिनसिनाटस टाउन ही वसाहतच उभी राहिली. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल 1881चं. आयरिश सैनिकांच्या काळातलं संताचं नाव ते अजून मिरवतं. समोरचं ख्रिस्तराजाचं संगमरवरी स्मारक 1931चं आहे.

फाळणीचा या लोकांशी संबंध काय, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं. 1946मध्ये मॅन्युएल मिस्किटा हे गोंयकार गृहस्थ कराचीचे महापौर होते. फाळणीनंतर सिंधी हिंदूंना घरदार टाकून आजच्या उल्हासनगरच्या छावण्यांत यावं लागलं. गोंयकार थांबले. त्यांच्यातले कितीतरी जण कागदोपत्री पोर्तुगालचे प्रजाजन होते. भारत आणि पाकिस्तान वेगळे झाले तेव्हा त्यांचं मूळ गाव या दोन्हींपैकी कोणत्याच देशात नव्हतं. नोकरी कराचीत, घर गोव्यात आणि नातेवाईक मुंबईत अशी तीन ठिकाणची माणसं ती. त्यांना कोणता देश निवडता असं कुणी विचारलंच नाही. हा प्रश्न पुढे आला तो 1961च्या डिसेंबरात, गोवा मुक्त झाल्यावर. 1965च्या युद्धाने मग येण्याजाण्याची वाटच अरुंद केली.

या विचित्र अवस्थेचं सर्वांत बोलकं उदाहरण क्रिकेटमध्ये सापडतं. अंताव डिसोझा हा वेगवान गोलंदाज गोव्यात नागवा इथे 1939मध्ये जन्मला आणि 1959मध्ये पाकिस्तानकडून कसोटी खेळला. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीजांचा झेंडा होता. त्याच्या आधी वॉलिस मथायस आला होता, कराचीत जन्मलेला. पाकिस्तानच्या कसोटी संघातला तो पहिला बिगरमुस्लिम खेळाडू. 1955 ते 1962 या काळात तो 21 कसोटी खेळला, स्लिपमधल्या झेलांसाठी नावाजला गेला.

पण या समाजाने त्या देशाला दिलेली खरी देणगी म्हणजे शाळा. 1861च्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये आणि 1862च्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटमध्ये गोंयकार शिक्षक-शिक्षिकांनी कराचीच्या मध्यमवर्गाच्या पिढ्या घडवल्या. लालकृष्ण अडवाणी सेंट पॅट्रिक्सचे विद्यार्थी आणि परवेझ मुशर्रफही त्याच शाळेचे. याच शाळेत शिकलेले जोसेफ कोर्देरो 1958मध्ये कराचीचे आर्चबिशप झाले, 1973मध्ये पाकिस्तानचे पहिले कार्डिनल. त्यांचा जन्म मुंबईचा. गोव्याशी नातं असलेले जोसेफ कूट्स 2018मध्ये कार्डिनल झाले. त्यांचा जन्म अमृतसरचा. पाकिस्तानच्या चर्चचे हे दोन्ही नेते आजच्या भारताच्या हद्दीत जन्मले, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

मग समाज आटला कसा? कुणी एका रात्रीत हाकलून दिलं नाही. 1972मध्ये भुट्टो सरकारने खासगी शाळा-महाविद्यालयांचं राष्ट्रीयीकरण केलं. सेंट जोसेफ्स कॉलेज चर्चकडे परत यायला 2005 उजाडलं. ज्यांची ओळख आणि उपजीविका शिक्षणावर उभी होती, त्यांच्या पायाखालची जमीन हलली. 1977च्या एप्रिलमध्ये दारूबंदी आली, नाइटक्लब बंद झाले, आणि हॉटेलांत सॅक्सोफोन-ट्रम्पेट वाजवणाऱ्या गोंयकार वादकांचं काम एका हुकमाने गेलं. पुढे झिया-उल-हक यांनी वेगळे मतदारसंघ आणले. ख्रिस्ती माणसाने फक्त ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचं, ही पद्धत 2002पर्यंत चालली. ज्या शहराने गोंयकार महापौर पाहिला, तिथे शेजाऱ्याच्या मतदानात गोंयकाराला जागा उरली नाही. इंग्रजी उत्तम, हातात कसब; लोक कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला निघून गेले. मला यात सर्वांत जास्त सलतो तो मतदारसंघांचा निर्णय. रोजगार गेला तर माणूस दुसरा शोधतो, पण नागरिक म्हणून वेगळ्या रांगेत उभं केलं की त्याचं मन त्या गावातून उठतं.

आज पाकिस्तानात ख्रिस्ती लोक आहेत सुमारे 33 लाख, 2023च्या जनगणनेनुसार दीड टक्क्याच्या आत. त्यांतले बहुसंख्य पंजाबी, बरेचसे पूर्वाश्रमीचे दलित. वीटभट्ट्यांवर आणि सफाईच्या कामात राबणारे. ईशनिंदेच्या खोट्या आरोपांचा मारही त्यांना बसतो. 2011मध्ये इस्लामाबादेत गोळ्या घालून मारलेले मंत्री शाहबाज भट्टी हे याच पंजाबी कॅथलिकांतले. शिकलेल्या गोंयकारांना परदेशाची वाट तरी होती, या गरिबांना तीही नाही.

आता आपल्या बाजूचं. भारताच्या व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो: आईवडील किंवा दोन्हीकडचे आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? टोरांटोत राहणारी, कॅनडाचा पासपोर्ट असलेली, वडिलांचा जन्म कराचीचा आणि आजोबांचा म्हापशाचा अशी गोंयकार बाई तिथे 'हो' अशी खूण करते आणि तिचा अर्ज वेगळ्या चाळणीत जातो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा मार्ग तर कायद्यानेच बंद आहे. आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी एकजण जरी पाकिस्तानी नागरिक असला तरी ते मिळत नाही. ऑगस्ट 2024मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी नागरिकत्व सुधारणा कायद्याखालचं गोव्यातलं पहिलं प्रमाणपत्र एका वृद्ध कॅथलिक गृहस्थाला दिलं. गोवा मुक्त होण्याआधी ते शिकायला कराचीला गेले, तिथेच नोकरी धरली, पाकिस्तानी नागरिक झाले आणि म्हातारपणी स्वतःच्या गावी परत आले होते. त्यांना न्याय मिळाला याचा मला आनंद आहे. पण हा कायदा 31 डिसेंबर 2014पर्यंत भारतात आलेल्यांपुरता आहे. त्यानंतर येऊ पाहणाऱ्यांसाठी, किंवा गावच्या चर्चमधल्या फेस्ताला दरवर्षी यावं एवढीच इच्छा असणाऱ्यांसाठी, त्यात काही नाही. गोव्यातल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. त्या नोंदींचा दाखला धरून गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबांना ओसीआयच्या अटीतून सूट देणं केंद्र सरकारला अवघड नाही. ही मागणी गोव्याच्या विधानसभेने करावी, आणि ज्या शहराच्या महाधर्मप्रांतात कराची एकेकाळी होती त्या मुंबईतल्या लोकप्रतिनिधींनी ती दिल्लीत लावून धरावी.