तुलना नेमकी कुणाशी?

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या एका विशिष्ट पद्धतीवरची बंदी कायम केली. निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलं होतं. त्यात त्यांनी म्हटलं, की याची मोजदाद करणारी विश्वासार्ह माहिती आपल्यासमोर नाही, तरीही गर्भपात केलेल्या काही स्त्रियांना पुढे पश्चात्ताप होतो असं मानायला हरकत नसावी. त्यातून तीव्र नैराश्यही येऊ शकतं. माहिती नाही, पण अनुमान आहे. न्यायालयात असं चालून जातं. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात हे वाक्य लिहिलं असतं, तर मार्गदर्शकाने लाल पेन उचललं असतं.

खरं तर हा प्रश्न त्याआधी वीस वर्षं सरकारी टेबलावर पडून होता. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी देशाचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांना गर्भपाताचे स्त्रियांच्या आरोग्यावरचे परिणाम तपासायला सांगितलं. रेगन गर्भपाताच्या विरोधात होते आणि कूपही. लहान मुलांचे नामवंत शल्यविशारद असलेल्या कूप यांनी या विरोधात जाहीर भूमिका घेतलेली होती. त्यामुळे अहवालात काय येणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. जानेवारी १९८९ मध्ये कूप यांनी रेगन यांना पत्र लिहून कळवलं, की उपलब्ध अभ्यास इतके सदोष आहेत की त्यांवरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा नवा अभ्यास हवा. स्वतःच्या मताला सोयीचं उत्तर समोर असताना ते न देणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

दोष होता तो तुलनेत. गर्भपात केलेल्या शंभर बायका घ्या, त्यांच्यातलं नैराश्य मोजा. ते जास्त भरतं. पण कुणापेक्षा जास्त? बहुतेक अभ्यासांत दुसऱ्या बाजूला असायच्या हौसेने आई झालेल्या बायका, नाहीतर ज्यांना दिवसच गेले नाहीत अशा. दवाखान्याच्या रांगेतल्या माणसांचा ताप मोजायचा आणि तो लग्नाच्या पंगतीत बसलेल्यांशी ताडून पाहायचा, तसलाच हा प्रकार. नको असताना दिवस राहतात, त्यामागे अनेकदा आधीचीच काही कारणं असतात : हाताशी पैसा नाही, नवरा किंवा जोडीदार मारतो, आधीचं मूल अजून अंगावर पितंय, किंवा मनाचा आजार पूर्वीपासूनच आहे. गर्भपातानंतर दिसणारं दुःख गर्भपातामुळे आलं की ज्या परिस्थितीमुळे गर्भपात करावा लागला तिच्यामुळे, हे अशा तुलनेतून कळायला मार्ग नाही.

डेन्मार्कच्या संशोधकांनी यातून एक वाट काढली. तिथे प्रत्येक नागरिकाच्या वैद्यकीय नोंदी एकाच क्रमांकाने जोडलेल्या असतात. ऑर्हूस विद्यापीठाच्या ट्रीन मुंक-ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी ३ लाख ६५ हजारांहून अधिक मुली आणि स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच भूतकाळाशी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : पहिल्या तिमाहीत गर्भपात केलेल्यांमध्ये मानसोपचाराची गरज पहिल्यांदा पडण्याचं प्रमाण गर्भपाताआधीच्या नऊ महिन्यांत वर्षाला हजारी १४.६ होतं, नंतरच्या वर्षभरात १५.२. फरक जवळजवळ नाहीच. पहिलं बाळंतपण झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ३.९ वरून ६.७ वर गेलं. गर्भपाताच्या गटातलं प्रमाण जास्तच होतं, यात वाद नाही. पण ते आधीपासूनच जास्त होतं.

सगळे पुरावे एकाच दिशेने जात नाहीत, हेही सांगायला हवं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १९७७ साली जन्मलेल्या मुलांचा डेव्हिड फर्ग्युसन यांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यात गर्भपातानंतर मनोविकारांचं प्रमाण काहीसं वाढलेलं आढळलं. फर्ग्युसन स्वतः गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, तरी त्यांनी निष्कर्ष लपवला नाही. मात्र त्यांच्याच हिशेबानुसार गटातल्या एकूण मनोविकारांपैकी गर्भपाताच्या वाट्याला येणारा भाग १.५ ते ५.५ टक्के इतकाच होता. ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अकादमीने २०११ मध्ये जगभरचे अभ्यास चाळले. नको असलेली गर्भधारणा हीच मनाला धोका असते, पुढे गर्भपात केला काय किंवा मूल जन्माला घातलं काय, मानसिक विकारांचं प्रमाण सारखंच राहतं, असं त्या आढाव्यात निघालं. पुढे काय होईल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज बाईच्या आधीच्या मानसिक आरोग्यावरून येतो.

तरीही योग्य तुलना अजून झालेली नव्हती. गर्भपात हवा होता पण मिळाला नाही, अशा बायका शोधायला हव्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञ डायना ग्रीन फोस्टर यांनी त्या शोधल्या, तेही अगदी साध्या जागी. अमेरिकेत प्रत्येक दवाखान्याची आठवड्यांची एक मर्यादा असते. कुणी त्या मर्यादेच्या दोनेक आठवडे अलीकडे येते, तिचं काम होतं. कुणी काही दिवस उशिरा येते, तिला परत पाठवलं जातं. दोघींची परिस्थिती आणि इच्छा जवळपास सारखीच, फरक फक्त तारखेचा. २००८ ते २०१० या काळात २१ राज्यांतल्या ३० दवाखान्यांतून सुमारे हजार बायका अभ्यासात आल्या. पुढची पाच वर्षं दर सहा महिन्यांनी फोनवर त्यांच्या मुलाखती झाल्या. ‘टर्नअवे स्टडी’ या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. त्यातल्या सुमारे ६० टक्के बायका आधीच आई होत्या, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

निम्म्याहून अधिक जणींना निर्णय घेणं अवघड गेलं होतं. पण गर्भपात केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना प्रत्येक मुलाखतीत तो निर्णय आपल्यासाठी योग्यच वाटला. पाच वर्षांनंतर मनात मुख्यतः वाईट भावना उरलेल्या सुमारे सहा टक्के होत्या. म्हणजे केनेडींचं वाक्य अक्षरशः खोटं नव्हतं. पश्चात्ताप होणाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांचं दुःख खरं आहे, आणि त्यांना आधाराची गरज असते. फक्त त्यांच्यावरून सगळ्यांचा कायदा ठरवायचा का, हा प्रश्न वेगळा.

परत पाठवलेल्यांचं काय झालं, हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नकारानंतर पहिल्या आठवड्यात त्यांच्यात चिंता जास्त होती, आत्मविश्वास कमी होता. पण सहा महिने ते वर्षभरात हा फरक पुसला गेला, आणि नैराश्यात तर सुरुवातीपासूनच फारसा फरक नव्हता. मन सावरलं. परिस्थिती मात्र सावरली नाही. बँकांच्या पत-नोंदी तपासल्यावर दिसलं, की नकार मिळालेल्यांची थकीत देणी ७८ टक्क्यांनी वाढली होती. दिवाळखोरी आणि घरातून बाहेर काढल्याच्या नोंदी ८१ टक्क्यांनी. मारहाण करणाऱ्या पुरुषाशी त्यांचा संबंध जास्त काळ टिकून राहिला. डोकेदुखी आणि सांधेदुखीची तक्रार जास्त आढळली. दोघी बाळंतपणाशी निगडित कारणांनी दगावल्या. दोन्ही बाजू पन्नास वर्षं बाईच्या मनात डोकावत बसल्या, आणि टिकाऊ नुकसान तिच्या पाकिटात, शरीरात आणि घरात होत होतं.

अभ्यासावरचे आक्षेपही दखल घेण्याजोगे आहेत. पात्र ठरलेल्यांपैकी ३७.५ टक्केच सहभागी झाल्या आणि पुढच्या वर्षांत त्यांतल्याही अनेक गळाल्या. फार अस्वस्थ असलेल्यांनी फोन उचललाच नसेल, असं टीकाकार म्हणतात. शिवाय या सगळ्या जणी स्वतःच्या इच्छेने दवाखान्यात आलेल्या होत्या. मुलगी नको म्हणून सासरच्यांनी नेलेल्या बाईबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही. आपल्याकडे हे वाक्य ठळक छापायला हवं.

स्तनाच्या कर्करोगाचा मुद्दा लवकर मिटवता येतो. गर्भपाताने तो धोका वाढतो, हा समज मुख्यतः ‘पूर्वी गर्भपात झाला होता का?’ असं विचारून केलेल्या अभ्यासांतून पसरला. कर्करोग झालेली बाई आयुष्यातली प्रत्येक गोष्ट आठवून सांगते. निरोगी बाई ही एक गोष्ट सांगायची टाळते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १६ देशांतले ५३ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. ज्यांत गर्भपाताची नोंद कर्करोगाच्या आधीच झालेली होती, त्या अभ्यासांत वाढीव धोका आढळला नाही.

आता आपला कायदा. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. संततिनियमनाचं साधन फसून दिवस राहिले, तर त्या मनस्तापाने विवाहित स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा होते, असं त्यात गृहीत धरलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातली विवाहाची अट काढली. गंमत अशी, की केनेडींनी आकड्यांविना एका बाजूचं अनुमान केलं आणि आपल्या संसदेने आकड्यांविना उलट बाजूचं. फोस्टर यांचे आकडे पाहिले तर आपलं गृहीतकही नेमकं बसत नाही : मनाची इजा खरी, पण ती अल्पकाळाची. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. पण त्याने दार उघडण्यासाठी ‘मानसिक आरोग्य’ ही किल्ली वापरली आणि कर्ज, मारहाण, अंगावरचं मूल ही खरी कारणं बाईला डॉक्टरसमोर मनाच्या भाषेत मांडावी लागतात.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने २०१५ मध्ये भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज वर्तवला. त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम अडवतं आणि मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावतं. नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ही पद्धत अतिशय सुरक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटना कधीची ज्याचा वापर थांबवा म्हणते, त्या धारदार चमच्याच्या क्युरेटिंगपेक्षा तर नक्कीच. तरी लहान गावांतून ‘पिशवी साफ करायची’ म्हणजे अजूनही अनेकदा क्युरेटिंगच असतं.

महाराष्ट्रात २०१२ नंतर लिंगनिदानाविरुद्धची मोहीम तीव्र झाली, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाची करडी नजर या गोळ्यांवरही पडली. बिलं आणि चिठ्ठ्यांच्या तपासणीचा ताप नको, म्हणून अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडून दिलं. सोनोग्राफीत गर्भाचं लिंग खात्रीने दिसायला बारा-तेरा आठवडे लागतात. गोळ्यांची मुदत नवव्या आठवड्यालाच संपते. लिंगनिवडीच्या गर्भपाताशी त्यांचा संबंध जोडणं वेळापत्रकातच बसत नाही. परिणाम एवढाच, की सातव्या आठवड्यात आलेली बाई गोळ्यांसाठी तालुक्याहून जिल्ह्याला जाते, दहाव्यात पोहोचते आणि तिला शस्त्रक्रिया करावी लागते. आणखी उशीर झाला तर परत फिरावं लागतं.

नेपाळमध्ये फोस्टर यांच्या धर्तीवर अशा बायकांचा अभ्यास झाला. आपल्याकडे गर्भपात झालेल्या बाईची नोंद दवाखान्याच्या रजिस्टरात करणं कायद्याने बंधनकारक आहे. जिला परत पाठवलं, तिच्यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नाही.