वलयी औषधांचे चयापचयी स्थैर्य

वलयी औषधांचे चयापचयी स्थैर्य : शरीरातील एंझाइमांच्या क्रियेपुढे औषधाचा वलययुक्त रेणू किती काळ अविकृत राहतो, यावरून त्याचे चयापचयी स्थैर्य ठरते. पुष्कळशा औषधांच्या रेणूंत बेंझीन, पिरिडीन, पिपरिडीन यांसारखी वलये असतात. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील एंझाइमे या वलयांचे किंवा त्यांना जोडलेल्या गटांचे ऑक्सिडीकरण करतात. त्यामुळे रेणू पाण्यात अधिक विद्राव्य होऊन मूत्र वा पित्त यांवाटे उत्सर्जित होतो. ही क्रिया मूलतः संरक्षक होय. परंतु ती फार जलद झाल्यास औषधाची रक्तातील पातळी टिकत नाही व मात्रा वारंवार द्यावी लागते.

स्थैर्य वाढविण्यासाठी प्रथम रेणूतील कोणत्या स्थानी ऑक्सिडीकरण होते, हे शोधतात. बेंझीन वलयावर ते बहुधा पॅरा स्थानी होते. तेथे हायड्रोजनाऐवजी फ्ल्युओरीन बसविल्यास रेणूचे आकारमान फारसे न बदलता ते स्थान सुरक्षित होते. कोलेस्टेरॉलाचे आतड्यातील शोषण रोखणाऱ्या एझेटिमाइब (अमेरिकेत मान्यता २००२) या औषधात दोन वलयांवर असे फ्ल्युओरीन अणू आहेत. वलयातील कार्बनाच्या जागी नायट्रोजन आणून इलेक्ट्रॉन घनता घटविणे व रेणूची मेदविद्राव्यता कमी करणे, हे अन्य उपाय होत. ड्यूटेट्राबेनाझीन (२०१७) या औषधात वलयाला जोडलेल्या मेथॉक्सी गटांतील हायड्रोजनाऐवजी ड्यूटेरियम असते. कार्बन-ड्यूटेरियम बंध अधिक सावकाश तुटतो.

स्थैर्य जितके अधिक तितके औषध चांगले, असे मात्र नाही. टॉल्ब्युटामाइड या मधुमेहावरील औषधाच्या वलयावरील मिथिल गटाचे त्वरित ऑक्सिडीकरण होते व रक्तातील त्याचे प्रमाण सु. ४ ते ७ तासांत निम्मे होते. क्लोरप्रोपामाइडामध्ये त्या जागी क्लोरीन असून पार्श्वशृंखलाही आखूड आहे; त्याला सु. ३६ तास लागतात. दिवसातून एकच मात्रा पुरते. परंतु वृद्धांत व मूत्रपिंडाच्या विकारांत रक्तातील ग्लुकोज धोकादायक प्रमाणात घटून ती स्थिती दीर्घकाळ टिकू शकते. म्हणून त्याचा वापर मागे पडला. उलटपक्षी, सेलेकॉक्सिब (१९९८) या वेदनाशामकाच्या संशोधनात आरंभीची काही संयुगे शरीरात अतिदीर्घ काळ राहतात असे आढळल्यावर, ऑक्सिडीकरणक्षम मिथिल गट वलयावर हेतुपुरस्सर ठेवण्यात आला. कार्य होईपर्यंत टिकणे व नंतर निर्धोकपणे बाहेर पडणे, या दोहोंचा मेळ साधणे हेच औषधरचनेचे उद्दिष्ट होय.