निशाणी नांगर, निशाणी डावा अंगठा

2023च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या माळ्यावरून खाली आल्या. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधत होती. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तालयापासून गावच्या शाळेपर्यंत दप्तरं उघडली जात होती, आणि सरकारी दप्तरात काही मिळेना तेव्हा लोक घरातलं उचकायला लागले. पेटीत शेतसाऱ्याच्या उर्दू पावत्या होत्या, मोडीतले कर्जरोखे होते, एखादा इनामाचा मुंतखब होता. तारखा फसली सनातल्या. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो. महिनेही आझर, बहमन असे. घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं, तरी तीन पिढ्यांनी ते कागद वाळवीपासून जपले होते. जमिनीचा कागद टाकायचा नसतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा जुन्या गाठोड्यात शेतकऱ्याचं मृत्युपत्र मात्र सापडणं अवघड. त्याचं कारण निरक्षरता नाही. मरताना जमीन कुणाला द्यायची हे ठरवायचा अधिकारच त्या माणसाला नव्हता.

हा नियम घातला तो फार लांबच्या कुणी नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ते गाव आणि आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा पुढे एकाच हैदराबाद संस्थानात होते. मिताक्षरा सांगते की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच तयार होतो. बाप मालक नाही, कर्ता आहे. गोठ्यातली बैलं, विहीर, वावर, सगळं एकत्र कुटुंबाचं. एक गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांत विरून जातो. मग मृत्युपत्रात तो लिहिणार काय? इंग्रजांच्या न्यायालयांनी हिंदूंची मृत्युपत्रं मान्य केली, 1870मध्ये त्यांच्यासाठी कायदाही झाला, पण तो मुख्यतः कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा शहरांतल्या स्वकष्टार्जित पैशाचा मामला होता. पैठण-वैजापूरच्या कुणब्याला त्याचा उपयोग नव्हता.

त्याच्याकडे होती ती वाटणी. बापाच्या डोळ्यांदेखत, चार माणसं बसवून केलेली.

गावातल्या वाटणीएवढी बारकाईची कारागिरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ओढ्याकाठची काळी आणि वरची मुरमाड बरड, दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला यायला हवी, म्हणून रानाचे लांबट पट्टे पाडले जात. आज गटाच्या नकाशावर ते पट्टे बघून कुणी शहाणा म्हणतो की अशी चिंचोळी शेती कशी परवडेल; त्याला त्यामागचा न्याय दिसत नाही. कुठे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकल्याने आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याच्या हातून लबाडी होत नाही. कुठे चिठ्ठ्या टाकून लहान पोराला उचलायला लावायचं. विहीर फोडता येत नाही, म्हणून पाण्याचे वार वाटायचे. सोमवार-मंगळवार थोरल्याचे, पुढचे दोन मधल्याचे. बांधावरचा आंबा एकाच्या हद्दीत असला तरी फळं सगळ्यांची. आई-बापासाठी एक तुकडा मागे ठेवायचा. ज्याच्या चुलीवर ते जेवतील त्याने तो कसायचा.

मग घरातलं. उतरंड, रांजण, तांब्याचे हंडे, पितळी परात, औतफाटा, कणगीतले दाणे. बैलजोडी असेल तर एक बैल याचा, एक त्याचा, आणि पेरणीला दोघांनी सावड करायची. देवघरातले टाक बहुतेक थोरल्याकडे, किंवा घरात थोरल्याचा मान ज्याला मिळेल त्याच्याकडे जात. देव्हारा ज्याच्याकडे त्याच्याकडे कुळाचाराचा खर्चही. हे सगळं बोलण्यात ठरायचं. कागद झालाच तर पंचांपुढे व्हायचा आणि त्यावर सह्यांऐवजी निशाण्या. जुन्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असं असे. बलुतेदार आपापलं हत्यार काढीत. माणूस जे काम करतो तेच त्याचं नाव.

या सगळ्या न्यायात एक माणूस मोजलाच जात नव्हता. लेक. तिला लग्नात दिलं म्हणजे दिलं.

हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948ला भारतात आलं. 1950च्या कूळकायद्याने कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं आणि 1954-55चं खासरा पत्रक झालं. आजही मराठवाड्यात जमिनीच्या मुळाशी जायचं झालं की वकील आधी तेच मागतो. पुढे 1956. मराठवाडा नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला हे आपण पाठ करतो. त्याच वर्षी 17 जूनला हिंदू वारसा कायदा लागू झाला हे मात्र कुणी सांगत नाही. त्याच्या कलम 30ने एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपला न वाटलेला हिस्सादेखील मृत्युपत्राने देता येईल असं ठरवलं. विज्ञानेश्वरानंतर साडेआठशे वर्षांनी कुणब्याच्या हातात हा कागद आला.

आला, पण केवढ्याचा? इथेच गावोगाव मोठा गैरसमज आहे. सातबारावर बापाचं एकट्याचं नाव, म्हणून तो म्हणतो की सगळी दहा एकर मी धाकल्याला लिहून देतो. त्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरं असतील तर नीट बघावीत: एकत्र कुटुंब मॅनेजर. तो सांभाळणारा आहे. समजा दहा एकर वडिलोपार्जित आहे. घरात नवरा, बायको, दोन मुलगे, एक मुलगी. आज वाटणी धरली तर पाच हिस्से, प्रत्येकी दोन एकर. बापाला मृत्युपत्राने देता येते ती त्याची दोन एकर. उरलेली आठ त्याची कधीच नव्हती. नोकरीच्या किंवा मजुरीच्या पैशातून त्याने स्वतः घेतलेली जमीन तो कुणालाही देऊ शकतो. पण त्याच दहा एकरांतल्या मोसंबीच्या पट्टीच्या पैशातून घेतलेली जमीन स्वतःची की घराची, यावर दोन पिढ्या कोर्टात जाऊ शकतात. 1981पासून छत्रपती संभाजीनगर शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. तिथे जिल्हा न्यायालयातून चढत गेलेल्या वाटणीच्या दाव्यांत मूळ भांडण करणारे हयात नसतात आणि त्यांच्या जागी वारस उभे असतात.

कागद करायला तसं काही लागत नाही. मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलंही चालतं. दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी त्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलंय आणि ज्यांनी त्याच्यासमोर सही केलीय. नोंदणीची सक्ती नाही, तरी लोक दुय्यम निबंधकाकडे जातात, आणि जावं. शंभर रुपये फी. बंद पाकिटात निबंधकाकडे ठेवायचीही सोय 1908च्या नोंदणी कायद्यात आहे, पण तिचा उपयोग फार थोडे करतात. साक्षीदार वयाने लहान घ्यावा, कारण त्यालाच पुढे कोर्टात उभं राहायचंय. मुंबईत प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घ्यायचा, जो फेरा वर्षानुवर्षं होता, तो इथल्या शेतजमिनीला नव्हता.

अर्जनवीस ठरलेल्या साच्यात लिहितो: मी पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने. मग गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. म्हातारा चतुःसीमा न अडखळता सांगतो, पूर्वेला कुणाचं वावर आणि दक्षिणेला कोणता ओढा. गट नंबर मात्र त्याला सातबारा बघूनच सांगावा लागतो. शेवटी शाई, अंगठा, आणि शेजारी तीन अक्षरं: नि. डा. अं. निशाणी डावा अंगठा. नांगराची जागा अंगठ्याने घेतली.

माणूस गेला की कागद गावात परततो. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. 2024पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तोंडात तलाठीच आहे. गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, सगळ्या वारसांना नोटिसा जातात, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त वहीत जाते. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, ती दिवाणी कोर्टच ठरवतं, हे कितीदा सांगितलं तरी गावात पटत नाही. जमिनीबरोबर इतर हक्कांतला सोसायटीचा बोजाही वारसाकडे येतो. मृत्युपत्रात कर्जाचं लिहिलेलं नसतं. पण ते कधी चुकून दुसऱ्याकडे गेल्याचं ऐकिवात नाही.

जिल्ह्यातल्या मुसलमान शेतकऱ्याचा हिशेब निराळा. त्याच्या कायद्यात जन्मसिद्ध हक्क नाही, हयातीत तो पुरा मालक. पण वसीयतनाम्याने तो एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती हवी. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. म्हणजे शेजारशेजारच्या दोन वस्त्यांत, एकाच ओढ्याच्या पाण्यावर, दोन वेगळी शास्त्रं. एका ठिकाणी लेकीला कागदावर शतकानुशतकं हिस्सा होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. आणि प्रत्यक्षात दोन्हीकडची लेक भावासाठी सोडूनच देत आली.

शरद जोशींनी हा प्रश्न शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत आणला. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’त नवऱ्याने हयातीत आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा होता. 1992मध्ये सरकारनेही परिपत्रक काढून सातबारावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची वाट मोकळी केली. मला ही चळवळ फार मोलाची वाटते, कारण तिने दयेची भाषा वापरली नाही. निंदणी-खुरपणीचं देणं फेडायचं आहे असं सांगितलं. दोन वर्षांनी, 22 जून 1994पासून, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण तोवर लग्न न झालेल्यांनाच. 9 सप्टेंबर 2005ला केंद्राने तो सगळ्या मुलींना दिला. बाप त्या तारखेला जिवंत असो नसो, हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020ला विनीता शर्मा खटल्यात पक्कं केलं. 20 डिसेंबर 2004पूर्वीच्या पक्क्या वाटण्या तेवढ्या शाबूत राहिल्या. नुसत्या तोंडी वाटणीवर मात्र कोर्ट सहजी विश्वास ठेवत नाही. चार माणसांत झालेल्या त्या सुंदर वाटण्यांना आता सरकारी कागदाचा आधार दाखवावा लागतो.

तेव्हापासून हक्कसोडपत्राचा जोर वाढला. शेंद्रा-बिडकीनला उद्योगांसाठी जमीन घेतली गेली, समृद्धी महामार्ग वैजापूर-गंगापूरमधून गेला, आणि ज्या बहिणींना कुणी विचारत नव्हतं त्यांच्या सह्यांवाचून मोबदला अडायला लागला. भाऊ दिवाळीची साडी घेऊन जातो आणि येताना तहसीलला घेऊन येतो. ती सही करते. माहेर तुटेल याची भीती तिला कुणी बोलून दाखवत नाही, दाखवावीही लागत नाही. याला राजीखुशी म्हणायला माझं मन धजत नाही. ज्या बापाने आपल्या दोन एकरांतलं पाऊण एकर लेकीला मृत्युपत्रात लिहून ठेवलंय आणि हयातीतच सगळ्या पोरांना बसवून वाचून दाखवलंय, त्याने तिच्या माहेराची वाट मोकळी ठेवली. असे बाप आहेत. थोडे आहेत.

बाईच्या स्वतःच्या मृत्युपत्राकडे तर कालपर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं. 1956च्याच कायद्याने तिच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली; स्त्रीधन तर आधीपासून तिचंच. पण मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः मिळवलेलं तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जातं. जिने तिला शेवटी सांभाळलं त्या बहिणीच्या लेकीकडे नाही. पाटल्या, एकदाणी, पितळी हंडा, शेळ्या, बँकेतले पैसे, आणि आता सातबारावर आलेलं नाव: लिहायला पुष्कळ आहे.

आता कधी कधी दुय्यम निबंधकाच्या दारात म्हातारा-म्हातारी जोडीने दिसतात. त्याचा अंगठा होतो. मग ती पुढे सरकते. कारकून सवयीने शाईचा पॅड तिच्याकडे लोटतो, आणि ती बचत गटात शिकलेलं नाव काढायला पेन मागते. वेळ लागतो. मागची रांग थांबते.