गंज पेठेतून दिसलेली अमेरिका

पुण्यात अमेरिकेविषयी मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. ज्या घरातला मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी सॅन होजेत आहे, तिथे व्हिसा, बंदुका, डॉक्टरांची बिलं आणि विद्यापीठांची फी एवढ्या भांडवलावर रात्रीचं जेवण सहज पार पडतं. पण ही मतं बहुधा कालच्या बातमीवर उभी असतात. गोऱ्या-काळ्यांचा वाद तिथे अजून का मिटत नाही, पुतळे काढण्यावरून माणसं रस्त्यावर का उतरतात, हे बातमी सांगत नाही. त्याला इतिहास लागतो, आणि अमेरिकेचा इतिहास आपल्याकडे कोलंबस, वॉशिंग्टन, लिंकन या तीन नावांत आटोपतो.

वास्तविक अमेरिकेचा इतिहास हाताशी धरून समाज वाचायचा उद्योग याच शहरात दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला होता. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेखाली १ जून १८७३ ही तारीख आहे. पुस्तक मराठीत, संवाद धोंडिबा आणि जोतीरावांचा, विषय इथल्या शूद्रातिशूद्रांची अवस्था. आणि अर्पण केलंय ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या लोकांना. त्यांनी निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी जी झीज सोसली, तिचा कित्ता माझ्या देशबांधवांनी गिरवावा, असा हेतूही तिथेच नोंदवलेला आहे. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला.

गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला सातासमुद्रापलीकडचे गुलाम इतके जवळचे का वाटावेत? वाचन हे एक कारण. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. दुसरं कारण अहमदनगर. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं, ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये तिथूनच निघालं, आणि न्यू हॅम्पशायरहून आलेल्या सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळाही तिथलीच. ती शाळा पाहूनच पुण्यात शाळा काढायचं सुचलं, हे खुद्द फुल्यांनीच सांगून ठेवलं आहे.

तिसरं कारण मात्र पुस्तकी नाही. ते कापसाचं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. भाव वर गेले ते मुंबईचे, खानदेशचे, वऱ्हाडचे. सावकारांनी शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज दिलं. मुंबईत शेअरांचा जुगार माजला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, जुलैत मुंबईचा फुगा फुटला. त्यात १८६७ पासून दख्खनमधल्या तालुक्यांत नव्या पाहणीने शेतसारा वाढत गेला. सावकार आता हात आखडून बसले. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाला ते माहीत आहेत. म्हणजे ज्या युद्धात अमेरिकेतले सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम सुटले, त्याच युद्धाच्या लाटेत आमचा कुणबी आधी वर उचलला गेला आणि मग आपटला. फुल्यांनी पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा हा सगळा काळ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेला होता. दूरदेशीचा इतिहास आणि दारातली अवस्था वेगळी काढता येत नाही, हे त्या पिढीला कोणी शिकवायची गरज नव्हती.

‘गुलामगिरी’तला सगळा इतिहास आज कोणी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. मत्स्य, कूर्म, वराह हे अवतार म्हणजे आर्यांच्या टोळ्यांचे सरदार, बळिराजा हा इथला मूळचा राजा, ही मांडणी पुराव्याच्या कसोटीवर टिकायला अवघड आहे. पण फुल्यांची रीत बघण्यासारखी आहे. आज जे ‘पहिल्यापासून असंच आहे’ म्हणून सांगितलं जातं ते कधी सुरू झालं, कोणी केलं आणि त्यात कोणाचं भलं झालं, असं ते धोंडिबाच्या तोंडून पुन्हा पुन्हा विचारतात. अमेरिका त्यांच्या उपयोगी पडली ती याच ठिकाणी. जी व्यवस्था देवाने घातली असं दक्षिणेतले मळेवाले सांगत होते, ती माणसांनी चार वर्षांत मोडून दाखवली होती.

मोडली खरी, पण किती? ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना लिहून व्हायच्या सात आठवडे आधी, १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी लुईझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी कचेरीच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. साठ ते दीडशे माणसं मारली गेली. नक्की आकडा कधीच ठरला नाही. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. ज्या मोजक्यांना शिक्षा झाली, तेही १८७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. १९५० च्या सुमारास राज्याने तिथे पाटी लावली, तिच्यावर या कत्तलीला दंगल म्हटलं होतं आणि तिच्यामुळे दक्षिणेतला बाहेरच्यांचा गैरकारभार संपल्याचं समाधानही कोरलेलं होतं. ती पाटी २०२१ मध्ये निघाली.

फुल्यांची अमेरिका आणि खरी अमेरिका यांच्यात इतकं अंतर होतं. तरी १८७३ मध्ये आशेला आधार होता. तेरावी, चौदावी आणि पंधरावी घटनादुरुस्ती झाली होती, १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर मिसिसिपीतून निवडून आले होते. १८७७ मध्ये दक्षिणेतलं केंद्राचं लष्कर मागे फिरलं आणि पुढच्या वीस वर्षांत मतदानावर कर, वाचता येण्याच्या परीक्षा, वेगळे डबे, वेगळ्या शाळा असं सगळं आलं. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मोहोर उठवली. दक्षिणेच्या सेनापतींचे बरेच पुतळे उभे राहिले ते युद्धानंतर लगेच नव्हे, याच काळात आणि नंतर. शार्लट्सव्हिलचा जनरल लीचा पुतळा १९२४ चा. अमेरिकन लोक पुतळ्यांवरून भांडतात तेव्हा ते १८६५ विषयी कमी आणि १९२४ विषयी जास्त भांडत असतात. लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हलवला गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा नदीत गेला, हे पाहिलेल्या पुणेकराला हे फार समजावून सांगावं लागू नये.

फुले अमेरिकेला गेले नव्हते. पुण्याची ज्यांच्याशी गाठ पडली त्या पंडिता रमाबाई गेल्या, आणि लिहून आल्या. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, आणि इथे गहजब उडाला. फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली होती. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली, त्या समारंभासाठी म्हणून रमाबाई अमेरिकेत उतरल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तिथे फिरत राहिल्या. परत येऊन त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ मध्ये छापलं.

नावात प्रवासवृत्त असलं तरी भर लोकस्थितीवर आहे. आपल्याकडची परदेशवर्णनं बहुतेक वेळा ‘किती स्वच्छता, किती शिस्त’ एवढ्यावर थांबतात. रमाबाई राज्यकारभार, शिक्षण, धर्मपंथ, दानधर्म, व्यापार, बायकांची स्थिती असे एकेक विषय घेतात आणि ते कसे घडत आले ते सांगतात. अमेरिकेत मुली कॉलेजात जातात हे त्यांना नुसतं कौतुकाचं वाटत नाही. १८३७ मध्ये मेरी लायनने माउंट होल्योक काढलं, ओबर्लिनने त्याच वर्षी मुलींना पदवीच्या वर्गात घेतलं, १८४९ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल डॉक्टर झाली: हा सगळा फक्त पन्नास वर्षांतला बदल होता. इथे वाचणाऱ्या बाईला यातून जे समजायचं ते समजतं. इंग्रजांचं राज्य झुगारून प्रजासत्ताक झालेल्या देशाची स्तुती मुंबईत छापणं, हेही त्या काळात साधं काम नव्हतं.

आणि कौतुक करताना त्यांचे डोळे मिटलेले नाहीत. तिथल्या मूळ रहिवाशांशी गोरे कसे वागले, गुलामी कायद्याने गेली तरी वर्णाचा तिटकारा कसा शिल्लक आहे, हे त्या लिहितात. टोप्यांवर पक्षी आणि पिसं मिरवणाऱ्या बायकांवरही त्या चिडतात. माझी एक तक्रार आहे. रमाबाईंचा वावर मुख्यतः सुधारक, सुशिक्षित, गोऱ्या स्त्रियांमध्ये होता. दारूबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याविषयी त्यांना मोठा आदर. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत आठ तासांच्या कामासाठी निदर्शनं होऊन बॉम्ब फुटला, मजूर पुढारी फासावर गेले. ती कामगारांची अमेरिका रमाबाईंच्या नजरेत पुरेशी भरत नाही. पण पुण्यात बसून हे पुस्तक पुन्हा वाचण्याजोगं केलं ते मीरा कोसंबींनी. त्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे खुद्द अमेरिकनांना कळलं की त्यांच्या समाजाचं असं निरीक्षण एका मराठी बाईने केलं होतं.

फुल्यांच्या आर्य-अनार्य इतिहासाला अमेरिकेत एक उलटं टोक निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्याला तिथलं नागरिकत्व मिळवायला ‘गोरा’ किंवा आफ्रिकी वंशाचं असावं लागे. भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांनी न्यायालयात सांगितलं की मी उच्चवर्णीय, आर्य रक्ताचा, म्हणून गोरा. त्यांची बाजू लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांनी मांडली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला: शास्त्र काही म्हणो, सामान्य अमेरिकन तुम्हाला गोरा मानत नाही. मग सरकार पंडितांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घ्यायला निघालं. ते लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. जात इथे ज्या कामाला येते त्याच कामाला ती तिकडेही लावून पाहण्यात आली आणि चालली नाही.

भारतीयांसाठी अमेरिकेचं दार उघडलं ते दुसऱ्याच लोकांनी. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला शंभराचा कोटा मिळाला होता. माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारापासून सेल्माच्या पुलावरच्या मोर्चापर्यंत कृष्णवर्णीयांनी मार खाल्ला, तेव्हा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला. आणि त्याच हवेत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी वंशावर आधारलेला कोटा मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही झाली. त्यानंतर बी. जे. मेडिकलचे डॉक्टर आणि सीओईपीचे इंजिनिअर विमानात बसू लागले. आमच्याकडे हे यश बुद्धीच्या आणि पाढ्यांच्या खात्यावर मांडलं जातं. सेल्माचं नाव त्यात कोणी घेत नाही, ही मला साफ कृतघ्नता वाटते.

जात हा शब्द अमेरिकेला आज नवा नाही. पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १८४९ मध्ये, बॉस्टनच्या न्यायालयात चार्ल्स सम्नर सांगत होते की काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणं म्हणजे जातिभेदच. खटला हरले, पण १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने अशा शाळा बंद केल्या. २०२० मध्ये इझाबेल विल्कर्सन यांनी ‘कास्ट’ या पुस्तकात हाच धागा पुन्हा हाती घेतला. वंश आणि जात एकच नव्हेत. जातीत रंग दिसत नाही, आडनाव विचारावं लागतं. तरीही डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नावच तिकडून उचललं.

उलट दिशेनेही एक माणूस आलं. मिनियापोलिसच्या गेल ऑम्वेट बर्कलेतून महाराष्ट्रात संशोधनाला आल्या, ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन राहिल्या. त्यांच्या प्रबंधाचा काळ १८७३ ते १९३०. सुरुवातीचं वर्ष कुठून आलं ते सांगायला नको.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियातही तसं विधेयक मंजूर झालं, ते गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरात परत पाठवलं. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असं कारण देऊन. त्याआधी २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिथल्या शालेय पाठ्यपुस्तकांत प्राचीन भारत आणि जात कशी लिहायची यावरून पालक आणि प्राध्यापक एकमेकांवर तुटून पडले होते. ती पुस्तकं सॅन होजेतली मराठी मुलंही वाचतात. एखाद्या संध्याकाळी मुलगी दप्तर टाकता टाकता विचारते, ‘आई, यांतले आपण कोण?’ आईला पटकन काही सुचत नाही आणि पुण्याला आजीकडे फोन लागतो. आजी काय सांगते, ते घरोघर वेगळं.