विश्लेषण : हिरवा दिवा, पांढरा पोशाख, पिवळी गाडी... ‘द ग्रेट गॅट्सबी’तील रंग श्रीमंतीबद्दल काय सांगतात?

अमिताभ बच्चन यांनी २०१३ मध्ये ‘द ग्रेट गॅट्सबी’ या हॉलिवूडपटात छोटी भूमिका केली होती. हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. पैसा माणसाला कसा बिघडवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे लेखकाने त्यात रंगांतून सांगितले आहे. कसे, ते पाहू. (पुढे कथेचा शेवट उघड केला आहे.)

कथा काय आहे?

काळ १९२२ चा उन्हाळा, ठिकाण न्यूयॉर्कजवळचे लाँग आयलंड. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. गरीब शेतकऱ्याचा मुलगा जे गॅट्सबी बेकायदा दारूच्या धंद्यातून गब्बर झाला आहे. त्याची जुनी प्रेयसी डेझी आता पिढीजात श्रीमंत टॉम ब्यूकॅननची बायको आहे. ती परत मिळावी म्हणून गॅट्सबी खाडीच्या अलीकडे प्रासादासारखा बंगला घेतो आणि जंगी पार्ट्या देतो.

हिरवा दिवा कशाचा?

पलीकडे डेझीच्या घराच्या धक्क्यावर रात्री हिरवा दिवा जळतो. गॅट्सबी तो दुरून पाहत राहतो. हिरवा हा आशेचा रंग, तसाच डॉलरच्या नोटेचाही. गॅट्सबीला प्रेम आणि पैसा वेगळे करता येत नाहीत. डेझी प्रत्यक्ष शेजारी येऊन उभी राहते, तेव्हा मात्र तो दिवा नुसता दिवा उरतो.

पांढऱ्यामागे काय दडले आहे?

डेझी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती पांढऱ्या पोशाखात. तिचे नाव ज्या फुलावरून आले, त्याच्या पाकळ्या पांढऱ्या आणि मधला भाग पिवळा असतो. वरून निर्मळ, आत सोन्याची ओढ. गॅट्सबीही तिला भेटायला जाताना पांढरा सूट, रुपेरी शर्ट आणि सोनेरी टाय घालतो. त्याला श्रीमंत होऊन भागत नाही, ‘त्यांच्यातला’ दिसायचे असते.

राख कोणाच्या वाट्याला?

बंगले आणि शहर यांच्यामध्ये राखेचा राखाडी पट्टा आहे. क्वीन्समधील कोरोना भागातल्या खऱ्या राखेच्या ढिगाऱ्यांवरून तो लेखकाला सुचला. आज तिथे फ्लशिंग मेडोज उद्यान आहे. अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धा तिथेच होते. कादंबरीत या पट्ट्यात विल्सन हा गॅरेजवाला राहतो. त्याची बायको मर्टल हिच्याशी टॉमचे संबंध आहेत.

गाडीचा रंग का महत्त्वाचा?

गॅट्सबीची गाडी कथा सांगणाऱ्या निकला क्रीम रंगाची दिसते. तीच गाडी मर्टलला चिरडते, तेव्हा एक साक्षीदार ती फिकट हिरवी होती म्हणतो, दुसरा पिवळी. हाच पिवळा रंग गॅट्सबीच्या जिवावर उठतो. गाडी खरे तर डेझी चालवत असते. गॅट्सबी मात्र दोष स्वतःवर घ्यायला तयार होतो. गाडी कोणाची, हे टॉम विल्सनला सांगतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. तोवर टॉम आणि डेझी सामान बांधून निघून गेलेले असतात. पार्ट्यांना गर्दी करणाऱ्यांपैकी जेमतेम एखादाच अंत्यविधीला येतो.

म्हणजे पैशाने गॅट्सबी बिघडला हे खरेच, पण शिक्षा त्यालाच झाली. मर्टल आणि विल्सनही जिवानिशी गेले. ज्यांच्याकडे पैसा पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर डागही पडला नाही.

शीर्षकातही रंग?

हो, थोडक्यात हुकले. मार्च १९२५ मध्ये फिट्झगेराल्ड यांनी प्रकाशकाला तार करून ‘अंडर द रेड, व्हाइट अँड ब्लू’ हे नाव सुचवले होते. लाल, पांढरा, निळा हे अमेरिकेच्या झेंड्याचे रंग. तोवर उशीर झाला होता. पण त्या नावातून एक गोष्ट कळते : लेखकाचा रोख एकट्या गॅट्सबीवर नव्हता.