मजूर, माहिती आणि महाजाल

माहिती मिळविणे हा नागरिकाचा हक्क होय, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. परंतु या तत्त्वाला बळ मिळाले ते विद्वानांच्या परिसंवादातून नव्हे, तर राजस्थानातील सार्वजनिक कामांच्या हजेरीपत्रकांवरून, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. त्याच मजुरांची संघटना संगणक आणि महाजाल यांना कशी सामोरी गेली, याचा वृत्तांत आपल्या ग्रामपंचायतींनाही उपयुक्त ठरावा.

राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या लहानशा गावी राहून काम करणाऱ्या अरुणा रॉय, निखिल डे, शंकरसिंह आदींनी 1 मे 1990 रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना केली. डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनवाई झाली. कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि कागदावर मजुरी घेतलेली माणसे ‘आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो’ असे सर्वांदेखत सांगू लागली. आपल्याकडील चावडीवाचनाशी या पद्धतीचे नाते सहज ध्यानात यावे. मात्र तेथे कागद महसुली अधिकाऱ्याने नव्हे, तर मजुरांनी वाचावयास घेतला होता. 1996 मध्ये ब्यावर येथे 40 दिवसांचे धरणे झाले. पुढे राजस्थानात 2000 साली, महाराष्ट्रात 2002 साली आणि 2005 साली देशभरासाठी माहिती अधिकाराचे कायदे झाले.

याच सुमारास दप्तर संगणकात जाऊ लागले. संघटनेपुढे नवीनच अडचण उभी राहिली. कपाटातील नोंदवही निदान डोळ्यांना दिसत होती. आता ‘सर्व काही ऑनलाईन आहे’ हे उत्तर मिळू लागले आणि अक्षरओळख नसलेल्या मजुराच्या दृष्टीने ते नकाराहून फारसे वेगळे नव्हते. 2016 च्या सुमारास राजस्थानात अनेक वृद्धांचे निवृत्तिवेतन बंद पडले. गावोगाव पडताळणी झाली तेव्हा दप्तरी मृत ठरलेली कित्येक माणसे हयात असल्याचे आढळून आले. अशा माणसाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागाव्यात, यासारखे दुर्दैव नाही.

संघटनेने मात्र संगणकाला विरोध केला नाही. संगणकातील माहिती लोकांसमोर उघडी करा, असा तिचा आग्रह होता. राज्याचा माहिती तंत्रज्ञान विभाग आणि लोकसंघटना यांच्यात या विषयावर बैठका होऊ लागल्या. कोणता तक्ता कोणत्या रकान्यांसह दिसावा, येथपर्यंत त्यांत चर्चा होत असे. त्यातून 13 सप्टेंबर 2019 रोजी ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. प्रारंभी 13 विभागांच्या 23 योजनांची माहिती त्यावर होती. आपल्या गावच्या स्वस्त धान्य दुकानात किती धान्य आले, कोणत्या शिधापत्रिकेवर किती उचलले गेले, हे अर्ज न करता पाहता येऊ लागले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 ने शासनावर टाकलेले कर्तव्य अशा रीतीने पार पाडणे हे निःसंशय मोठे पाऊल होय. कर्नाटकानेही पुढे ‘माहिती कणज’ या नावाने असाच उपक्रम हाती घेतला.

तथापि माहिती पडद्यावर असणे आणि ती मजुराच्या हाती पडणे यांत अंतर राहतेच. ज्याच्याकडे स्वतःचे साधन नाही, त्याला ‘ई-मित्र’ केंद्रातील चालकावर विसंबावे लागते. घरातील एकमेव भ्रमणध्वनी बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. शिवाय सप्टेंबर 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी राजस्थानातील अनेक जिल्ह्यांत मोबाईलवरील इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा दिवशी पोर्टल असून नसल्यासारखेच! म्हणूनच संघटनेने भिंतीवर माहिती रंगविण्याचा जुना प्रघात महत्त्वाचा मानला आहे. कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे. स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक साधन यांचा विचार करून माहिती प्रसृत करावी, असे कलम 4 सांगते. सूचनाफलक आणि दवंडी यांना त्यात मज्जाव नाही.

राष्ट्रीय रोजगार हमी योजनेतील हजेरीचा अनुभव अधिक कडू आहे. 1 जानेवारी 2023 पासून बहुतेक सर्व सार्वजनिक कामांवर भ्रमणध्वनीने छायाचित्रे घेऊन दिवसातून दोनदा हजेरी नोंदविणे सक्तीचे झाले. छायाचित्र चढले नाही, तर केलेल्या कामाची मजुरी बुडण्याची भीती असे. मजूर संघटनांनी त्या वर्षी दिल्लीत जंतरमंतर येथे दीर्घ धरणे धरले. गैरप्रकार थांबविणे हा योजनेचा हेतू होता. परंतु जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच एका परिपत्रकाद्वारे कळवावे लागले की, छायाचित्राचेच छायाचित्र काढून, प्रसंगी असंबद्ध चित्रे चढवूनही हजेरी लागत आहे. उपाय म्हणून माणसांकरवी पडताळणी सुचविण्यात आली. म्हणजे फिरून हजेरीपत्रक आणि माणूस समोरासमोर!

आणखी एक प्रश्न खाजगीपणाचा आहे. आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा क्रमांक गावाला दिसण्याचे कारण नाही. पण लाभार्थ्याचे नाव व मिळालेली रक्कम झाकली, तर जनसुनवाईत वाचावयाचे काय? 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील खाजगी माहितीविषयीचे कलम बदलले आहे. लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याची कलम 4 मधील तरतूद मात्र कायम आहे. या दोहोंची सांगड घालताना कोणते रकाने उघडे राहतात, यावर या संघटना आता लक्ष ठेवून आहेत.